झडप बसली

हॉस्पिटलातून मास्तरांना घरी आणलं त्या दुपारी लिफ्टमध्ये सगळेच गप्प होते, म्हणून तो आवाज नीट ऐकू आला. टक्, टक्, टक्. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी आधी स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ कानाला लावून पाहिलं, मग वहिनींच्या मनगटाकडे संशयाने पाहिलं.

"माझं नाही," वहिनी म्हणाल्या आणि नवऱ्याकडे बोट दाखवलं. "ह्यांचं आहे. आतून येतोय."

बाईंना हसावं की हळहळावं ते कळेना. त्यांचा मजला आला तेव्हा त्या घाईघाईने उतरल्या आणि वळून दार नीट लागलं का तेही पाहिलं नाही. मास्तरांनीच हात लांब करून ते लावलं. छातीवर नवी शिवण, अंगात बळ नाही, चेहरा पांढराफटक. पण लिफ्टचं दार उघडं राहिलेलं त्या माणसाला मरताना सुद्धा चाललं नसतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, लिफ्टचे. नव्या लिफ्ट उभ्या करायच्या, जुन्यांची देखभाल करायची, अडलेल्या सोडवायच्या, यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. हाताखाली शिकलेली पोरं त्यांना मास्तर म्हणू लागली आणि मग दुकानदार, शेजारीपाजारी, घरचे, सगळेच म्हणू लागले. त्याच हिशेबाने त्यांची बायको साऱ्या जगाची वहिनी झाली. मास्तरांची जिभेपेक्षा कानावर मदार. लिफ्टमध्ये पाय ठेवायच्या आधी ते बाहेर उभं राहून ऐकत आणि कुठे काय झिजलंय ते सांगत. वहिनी म्हणायच्या, "यंत्राचं ऐकता तेवढं माझं ऐकलं असतं तर!" मास्तर म्हणायचे, "यंत्र एकच गोष्ट एकदाच सांगतं."

त्यांच्या हृदयाची एक झडप खराब होती. काही वर्षांपूर्वी पहिलं ऑपरेशन झालं तेव्हा बसवलेली झडप प्राण्याच्या हृदयावरच्या पडद्यापासून बनवलेली होती. ती मुकी होती, कोणाला त्रास नव्हता, पण ती झिजली. म्हणून पुन्हा तीच छाती उघडून आता ही दुसरी, यांत्रिक झडप घातली होती. ही बोलकी निघाली.

घरी सोडताना मोठ्या डॉक्टरांनी वहिनींना खुर्चीत बसवून समजावलं होतं. "झडप टिकाऊ आहे. पण रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यायची, न चुकता. रक्त घट्ट झालं की झडपेवर गुठळी धरते, आणि तिचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर वाचा जाते, अंग लुळं पडतं. झडपेचा आवाज बदलला, दबला किंवा दम लागायला लागला, तर फोनाफोनी करत राहू नका, सरळ उचलून इथे आणा. वेळेत आणलंत तर औषधाने सुटण्याची तरी आशा असते. छाती दोनदा उघडली आहे. तिसऱ्यांदा उघडायची पाळी आली, तर मी उघडेन, पण पुढचं मला विचारू नका."

वहिनींचा चेहरा पाहून, सामान बांधताना वॉर्डातली सिस्टर मायेने म्हणाली, "आवाजाचं एवढं मनावर घेऊ नका हो. पहिले काही दिवस झोप उडते सगळ्यांची. मग सवय होते. पुढे पुढे तर ऐकूही येत नाही बघा."

दोघंही खरं तेच बोलली होती. पण डॉक्टरांनी घाबरवलं होतं आणि सिस्टरने धीर दिला होता, आणि वहिनी बिचाऱ्या धीराच्या भुकेल्या होत्या.

घरी येताना गाडीत मास्तर एकच वाक्य बोलले. "आता पुन्हा नाही."

"काय पुन्हा नाही?"

"हेच. पुढे काहीही होवो. मला तिसऱ्यांदा त्या टेबलावर कोणी निजवायचं नाही. शुद्धीवर आलो तेव्हा घशात नळी होती, हात बांधलेले होते, ओरडता येत नव्हतं. अडकलेल्या लिफ्टमधून एवढी माणसं बाहेर काढली मी, पण आतल्या माणसाला काय वाटतं ते तेव्हा कळलं."

"शुभ बोला हो जरा," वहिनी म्हणाल्या आणि विषय संपवला. संपला असं त्यांना वाटलं.

त्या आवाजाने घर व्यापून टाकलं. मास्तर गादीवर उशांना टेकून पडलेले असत आणि स्वयंपाकघरात वहिनींच्या हातातली सुरी आपोआप त्या ठेक्यावर चालू लागे. मग त्या वैतागून सुरी खाली ठेवत. मास्तरांनी जेवायला तोंड उघडलं की आवाज मोठा होई, मिटलं की लहान. जांभई दिली की एकदम कोणी दार उघडल्यासारखा बाहेर येई. सुरुवातीला दोघंही याला हसली. मास्तर मुद्दाम आ वासून दाखवत आणि म्हणत, "घे, वाढवला. सांग, कमी करू?"

पण दिवसा हसू येणाऱ्या गोष्टीने अंधारात झोप उडते. वहिनी कूस बदलून बदलून थकत. एक ठोका पडला की पुढच्याची वाट पाहत, आणि तो पडला की त्याच्या पुढच्याची. मध्ये जरा मागेपुढे झालं तर त्यांच्या स्वतःच्या काळजाचा ठोका चुके. शेवटी त्यांनी आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं. वहिनींना वाईट वाटलं. नवरा जिवंत असल्याचा आवाज आपल्याला सोसवत नाही, हे कोणाला सांगायचं? त्यांनी ते लेकीला फोनवर सांगितलं.

लेक दुसऱ्या गावी होती, तान्हं मूल घेऊन अडकलेली. रोज संध्याकाळी तिचा फोन येई. "आई, अगं सवय होईल तुला. सिस्टर म्हणाली होती ना?"

"म्हणाली होती. ती तिच्या घरी जाऊन झोपते."

मग एका सकाळी दात घासताना मास्तरांच्या नाकातून रक्त यायला लागलं. बेसिन लाल झालं. टॉवेल भिजला, दुसरा आणला, तोही भिजला. थांबलं एकदाचं, पण बऱ्याच वेळाने. मास्तर मोरीच्या उंबऱ्यावर बसून टॉवेलकडे पाहत होते, जसे ते एखाद्या मशीनखाली साठलेल्या डागाकडे पाहत.

"वंगण जास्त झालंय," ते म्हणाले.

"काय?"

"वंगण जास्त झालं की गळतं. सांध्यातून, फटीतून, वाट मिळेल तिथून. रक्त नको तेवढं पातळ झालंय. उद्यापासून गोळी अर्धी."

"डॉक्टरांना विचारू या ना."

"विचार. मग ते म्हणतील, घेऊन या. सुया टोचतील. ठेवून घेतील. मग म्हणतील, जरा आत पाहू या." मास्तरांनी टॉवेल खाली ठेवला. "अगं, बेसिन तू पाहिलंस ना? आणखी किती पातळ करायचं?"

वहिनींनी बेसिन पाहिलं होतं. ते घासताना त्यांनी तीनदा पाणी ओतलं होतं. डॉक्टरांचा शब्द त्यांच्या कानात होता, पण ते लाल बेसिन त्यांच्या डोळ्यांसमोर होतं, आणि डोळ्यांपुढे कानाचं काय चालणार? गोळी हाताने तुटेना तेव्हा त्यांनी स्वतःच पोळपाटावर ठेवून भाजीच्या सुरीने तिचे दोन भाग केले. सुरी दाबताना त्यांचा हात थांबला होता. तरी त्यांनी ती दाबली. लेकीला यातलं त्यांनी काही सांगितलं नाही. रक्त तपासायला जायचा दिवस आला तेव्हा मास्तर म्हणाले, "पुढच्या आठवड्यात बघू," आणि पुढच्या आठवड्यातही तेच म्हणाले. वहिनी मूग गिळून बसल्या. नाकातून रक्त पुन्हा आलं नव्हतं, मग कशाला उगाच उकरून काढा?

मास्तर सुधारत होते, असं म्हणायला जागा होती. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं म्हणून ते बाहेरच्या लांब गॅलरीत, जिन्यापासून टोकाच्या खिडकीपर्यंत, फेऱ्या मारत. येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत. आणि पलंगावर पडल्या पडल्या इमारतीच्या लिफ्टवर त्यांचा पहारा असे. एकदा डोळे मिटून पडले असताना म्हणाले, "दुसऱ्या मजल्यावर दाराचा रोलर घासतोय. पक्कडला फोन लाव."

पक्कड म्हणजे त्यांचा कामातला जोडीदार. बोलायला लागला की समोरच्याला सोडत नसे म्हणून ते नाव पडलेलं. तो आला, दुसऱ्या मजल्यावर गेला आणि खरोखरच झिजलेला रोलर काढून वर दाखवायला आणला. "वहिनी, हे माणूस आहेत की काय आहेत?" त्याने कपाळाला हात लावला. "मी लिफ्टच्या आत उभा होतो तरी मला ऐकू आलं नव्हतं!" वहिनींनी अभिमानाने त्याला चहा दिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी वहिनींना जाग आली ती उन्हं अंगावर आल्यावर. कितीतरी दिवसांनी त्या सलग झोपल्या होत्या. अंथरुणात पडून त्यांनी कानोसा घेतला. आतल्या खोलीतून काही येत नव्हतं. त्या धावत आत गेल्या. मास्तर उशांना टेकून बसले होते, जागे, खिडकीबाहेर पाहत.

"काय गं?"

"काही नाही." वहिनींनी जवळ जाऊन कान दिला. येत होता. बारीक, खोल, पण येत होता. त्यांचा जीव भांड्यात पडला आणि मग त्यांना एकदम हसू फुटलं. "अहो, मला सवय झाली! सिस्टर म्हणाली तस्सं झालं. रात्रभर ऐकू आलं नाही मला."

मास्तर त्यांच्याकडे पाहत राहिले. "झोप लागली ना तुला?" त्यांनी विचारलं.

"मस्त लागली."

"मग झालं तर."

त्याच दिवशी वहिनींनी आपलं अंथरूण पुन्हा आत आणलं. किती तरी दिवसांनी नवराबायको एका खोलीत निजली, आणि वहिनींच्या मनावरचं ओझं उतरलं. फक्त एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. मास्तर आता आडवे होत नसत. चार उशा पाठीशी घेऊन बसल्या बसल्या डोळे मिटत. "शिवण ताणते," ते म्हणाले. गॅलरीतल्या फेऱ्याही खिडकीपर्यंत पोचेनाशा झाल्या होत्या. मधल्या खांबापाशी थांबून ते कठड्याला धरून खाली रस्त्याकडे पाहत, जणू तिथे काही महत्त्वाचं चाललंय. वहिनी दारातून ओरडत, "आळस करू नका! खिडकीपर्यंत जा!" ते हात वर करून ऐकलं असं दाखवत आणि तिथूनच परत फिरत.

मग अक्का आल्या. मास्तरांची थोरली बहीण. दार उघडायच्या आधीच त्यांचं बोलणं सुरू झालेलं असे. त्यांनी आल्या आल्या धाकट्या भावाला पोटाशी धरलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग त्याला जरा लांब धरून पाहिलं.

"ओठ असे काळे का पडलेत रे तुझे?"

"उकाडा आहे, अक्का."

"उकाड्याने ओठ काळे होत नाहीत, चहाने होतात. कमी कर." मग त्यांनी पुन्हा वाकून त्याच्या छातीला कान लावला आणि वहिनींकडे वळल्या. "काय गं, फोनवर तर टकटक टकटक म्हणून माझं डोकं खाल्लं होतंस. कुठाय ती टकटक? मला तर काही ऐकू येत नाहीये."

"तुमचे कान, अक्का," वहिनी हसत म्हणाल्या.

अक्कांना ते झोंबलं. "माझ्या कानांना काही झालेलं नाही. शेजारच्या घरात भांडण झालं तर शब्द न् शब्द सांगेन तुला! आणि तुला सवय झाली म्हणतेस, मला कुठे झालीय? मी तर आज पहिल्यांदाच ऐकतेय."

वहिनींच्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे राहिलं. अक्का म्हणाल्या त्यात खोट काढायला जागा नव्हती. सवय ज्यांना झाली त्यांना झाली, आज पहिल्यांदा आलेल्या बाईला ती कुठून असणार? त्यांनी मास्तरांकडे पाहिलं.

मास्तरांनी पांघरूण गुडघ्यांवर नीट केलं. "बसली आता ती," ते शांतपणे म्हणाले. "झडप बसली."

"हां!" अक्का म्हणाल्या. "मग तसं सांग ना. नवीन वस्तू आहे, बसायला वेळ लागतोच. माझी कवळी सुद्धा किती दिवस खटखट करत होती."

वहिनींनी श्वास सोडला. खरंच, नवी चप्पल असो की दाराची नवी कडी, आधी कुरकुर करते आणि मग जागेवर बसते. आणि सांगणारा माणूस कोण? ज्याने जन्मभर यंत्रांचे आवाज ओळखले तो. यंत्रातलं त्यांना कळणार नाही तर कोणाला? वहिनी चहा टाकायला आत गेल्या, आणि गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा गुणगुणल्या. संध्याकाळी लेकीला त्यांनी तोच शब्द सांगितला.

"बसली म्हणजे सेट झाली?" लेकीने विचारलं.

"हो गं. बाबाच म्हणाले."

"पण आई, आवाज कमी झाला तर दाखवायला सांगितलं होतं ना? आणि रक्ताचा रिपोर्ट काय आला?"

"परवा जाणार आहोत," वहिनी म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला. लेकीशी खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. परवा नक्की जायचंच, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पक्कड आला. पिशवीत हत्यारं, शर्टावर काळे डाग, कपाळावर घाम. मास्तर आत डोळे मिटून बसले होते. पक्कड बाहेरच्या खोलीत स्टुलावर टेकला आणि आवाज खाली करून म्हणाला, "झोपलेत का, वहिनी? एक विचारायचं होतं. कापडबाजारातली मालाची मोठी लिफ्ट बसली. सकाळपासून डोकं लावतोय."

वहिनी त्याच्यासाठी पाणी ओतत होत्या. "मग चांगलंच झालं की."

"चांगलं?" पक्कड त्यांच्याकडे पाहत राहिला. "वहिनी, लिफ्ट बसली म्हणतोय मी."

"बसली म्हणजे?"

"बसली म्हणजे बसली. बंद पडली. अडकली. वर जाईना, खाली येईना."

तांब्यातलं पाणी पेला भरून वर आलं आणि फरशीवर सांडलं. वहिनींच्या ते ध्यानात आलं नाही. "आणि नवा भाग घातला," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि तो जागच्या जागी नीट लागला, आवाज करायचा थांबला, तर त्याला काय म्हणता तुम्ही लोक?"

"रुळला म्हणतो."

"बसला नाही म्हणत?"

"मास्तरांसमोर? बापरे!" पक्कड हसला. "सुरुवातीला एकदा मी म्हणालो होतो, नवी पुली बसली. असे अंगावर आले माझ्या! म्हणाले, बसली म्हणजे मेली. कामावर शब्द नीट वापरायचा, चुकीच्या शब्दाने माणूस खाली जाईल एखादा. तेव्हापासून आमच्यात कोणाची टाप नाही. अहो वहिनी, पाणी! पाणी सांडतंय!"

वहिनींनी तांब्या ठेवला. इतकी वर्षं फोन वाजला की त्यांच्या घरात हाच शब्द ऐकू येई. अमक्याची बसली, तमक्याची बसली, आणि मास्तर ताटावरून उठून जात. त्यांनी तो हजारदा ऐकला होता. दोन मजले खालचा रोलर ज्या माणसाला पडल्या जागी ऐकू येतो, त्याला आपल्या बरगड्यांच्या आतलं ऐकू आलं नसेल? आलं होतं. त्याने सांगितलंही होतं, स्वच्छ शब्दांत, दोन बायकांच्या तोंडावर.

"गाडी बोलाव," त्या पक्कडला म्हणाल्या. "हॉस्पिटलची गाडी. त्यांना सांग, झडपेचा पेशंट आहे, आवाज दबलाय, दम लागतोय, ओठ काळे पडलेत. जा, खाली जाऊन उभा राहा."

पक्कड एरवी सोडत नसे. या वेळी एकही शब्द न बोलता तो उठला.

वहिनी आत गेल्या. मास्तरांचे डोळे उघडे होते. बाहेरचं सगळं त्यांना ऐकू आलं असणार, हे सांगायला नको. वहिनी पलंगाच्या कडेवर बसल्या आणि काही न विचारता मास्तरांच्या छातीवर डोकं ठेवलं. शिवणीला लागेल याचीही त्यांनी पर्वा केली नाही. टक् नव्हतंच. कोणी गोधडीखालून ठोकावं तसं काहीतरी बोथट, आणि तेही सारखं नाही. एवढ्या दिवसांत त्यांनी पहिल्यांदा मन लावून ऐकलं होतं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"तुला झोप लागली ना, त्याच्या आधीच्या दिवसापासून."

"आणि तुम्ही मला 'झोप लागली ना' विचारलंत!"

"लागली होती ना?" मास्तर एका वाक्यात दोनदा थांबले. "खोटं नाही बोललो मी तुझ्याशी. विचारलंस तेव्हा सांगितलं. बसली म्हणालो."

"ते सांगणं नव्हतं!" वहिनी एवढ्या मोठ्याने ओरडल्या की त्यांचा त्यांनाच आवाज अनोळखी वाटला. "माझ्याशी तुम्ही कामावरची भाषा बोललात! मी काय तुमच्या हाताखालचं पोर आहे? दम लागतोय, घेऊन चल, एवढं म्हणायला काय झालं होतं?"

"मग तू नेलं असतंस."

"नेलं असतंच!"

"म्हणूनच." मास्तरांनी मान उशीवर टेकली. "मी गाडीतच सांगितलं होतं तुला. तिसऱ्यांदा नाही. मला इथे राहू दे. या खोलीत. लिफ्ट ऐकू येते इथून. माझं काही म्हणणं नाही."

"तुमचं नसेल, माझं आहे." वहिनी रडल्या नाहीत. रडण्यात वेळ गेला असता. "ती गोळी मी कापली. तुम्ही म्हणालात अर्धी, पण सुरी माझ्या हातात होती. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं आणि तरी मी कापली, रोज कापली. तुम्ही इथे या उशांवर निवांत जाल. मी उद्या त्या पोळपाटावर काय करू? सांगा ना! तुम्हाला टेबलाची भीती वाटते, कबूल. मला त्या सुरीची वाटते. मला तिच्याबरोबर एकटीला ठेवून जाऊ नका हो."

मास्तरांनी डोळे मिटले. छाती वरखाली होत राहिली, उथळ आणि घाईची. मग त्यांनी वहिनींच्या हातावर हात ठेवला.

"डॉक्टर म्हणाले होते, वेळेत आणलं तर औषधानेही सुटते कधी कधी," वहिनी म्हणाल्या. "टेबलावर जावं लागणारही नाही कदाचित."

"कदाचित," मास्तर म्हणाले आणि जरासे हसले. "बरं. चल. जाऊ या."

वहिनींना वाटलं, आपण जिंकलो. खरंच वाटलं. त्या उठल्या, कपाटातून पिशवी काढली, औषधं, कागद, टॉवेल भराभर आत टाकले. अंगात वारं शिरल्यासारख्या त्या खोलीभर फिरत होत्या. मागून मास्तर म्हणाले, "चावी दे."

"चावी? कुलूप मी लावते, तुम्ही उठू नका."

"चावी गं. ती... पांढरी. चावी."

वहिनी वळल्या. मास्तर दाराच्या खुंटीकडे पाहत होते. तिथे त्यांचा धुतलेला पांढरा शर्ट टांगलेला होता.

"शर्ट?" वहिनींनी विचारलं.

मास्तर चिडले. शब्दाच्या बाबतीत चूक त्यांना कधीच खपत नसे. "चावी," ते ठासून म्हणाले, समोरच्याला एवढंही कसं कळत नाही अशा सुरात.

वहिनींनी शर्ट आणला. डावा हात बाहीत गेला. उजवा पांघरुणावर तसाच पडून राहिला. त्यांनी तो उचलून बाहीत घातला. तो जड होता आणि कोणाचाच नव्हता. मास्तरांनीही त्या हाताकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि त्यांच्या तोंडाची उजवी कड हळूहळू खाली उतरत गेली.

खालून गाडीचा भोंगा ऐकू आला. मग लिफ्टचं दार वाजलं, आणि लिफ्ट वर येऊ लागली.

मास्तर बोलू लागले. घाईने नाही, ओरडून नाही. नवीन पोराला एखादी महत्त्वाची गोष्ट समजावून सांगावी तसं, नजरेला नजर देऊन, थांबत थांबत ते काहीतरी सांगत होते. चांगलं लांबलचक सांगणं होतं. त्यात चावी होती, पाणी होतं, कसला तरी रंग होता, आणि त्यातलं अवाक्षरही वहिनींना कळत नव्हतं. शेवटी ते थांबले आणि उत्तराची वाट पाहत राहिले.

"हो," वहिनी म्हणाल्या. "कळलं मला."

आणि त्या मास्तरांच्या शर्टाची बटणं लावू लागल्या.